पियोंतेक मिलानमध्ये फ्लॉप झाला, मग तो मुळातच ओव्हररेटेड होता का?

तुम्ही विचारलंय की पोलंडचा स्ट्रायकर क्षिश्तोफ पियोंतेक याला इटलीच्या एसी मिलान क्लबने एवढे पैसे मोजून घेतलं आणि वर्षभरात विकून टाकलं, मग तो आधीपासूनच ओव्हररेटेड होता का आणि आता कुठे गायब झालाय. सरळ सांगतो, तो गायब झालेला नाही आणि वाईट तर अजिबात नव्हता. पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, त्याला बॉल मिळाला की तो गोल करतो आणि बॉल नाही मिळाला की ९० मिनिटं तो मैदानात आहे हेसुद्धा कळत नाही, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवून त्याचं करिअर बघा, सगळा हिशेब लागतो.

सुरुवात जेनोआपासून करायला पाहिजे, कारण त्याच्यावर माझा जीव तिथेच जडला. २०१८ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआ क्लबने त्याला पोलंडच्या क्राकोव्हिया क्लबकडून साधारण ४० लाख युरोला उचललं. आधीच्या सीझनला पोलिश लीगमध्ये २१ गोल मारून आला होता, पण इटलीत त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. ११ ऑगस्टला कोपा इटालियात (इटलीच्या कप स्पर्धेत) लेच्चेविरुद्ध पहिलीच मॅच आणि हाफटाइमच्या आत पठ्ठ्याचे ४ गोल! शहरात नुसता उत्साह असणार, पण तीनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, जेनोआमधला मोरांदी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. लीगची पहिली मॅच, तीही मिलानविरुद्धची, पुढे ढकलली. मग २६ ऑगस्टला घरच्या मैदानावर एम्पोलीविरुद्ध मॅच झाली, तेव्हा जेनोआच्या लोकांनी ठरवलेलं की पहिली ४३ मिनिटं घोषणा नाहीत, गाणी नाहीत, गेलेल्या एकेका माणसासाठी एक मिनिट. आणि त्या ४३ मिनिटांमध्येच, सहाव्या मिनिटाला, पियोंतेकने सेरी आ, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधला आपला पहिला गोल मारला. परदेशात नुकत्याच आलेल्या २३ वर्षांच्या पोराची ही सुरुवात, मला आजही तो गोल आठवला की कसंतरी होतं.

त्यानंतर तो थांबलाच नाही. पहिल्या सात लीग मॅचमध्ये ९ गोल, जानेवारीपर्यंत १९ मॅचमध्ये १३. गोल केल्यावर दोन्ही हातांची पिस्तुलं करून हात आडवे धरायचा, त्यावरून इटलीत सगळे त्याला पिस्तोलेरो, म्हणजे पिस्तुलवाला, म्हणायला लागले.

मग जानेवारी २०१९ मध्ये स्ट्रायकर इग्वाइन मिलान सोडून चेल्सीला गेला आणि त्याच्या जागी मिलानने पियोंतेकला साधारण साडेतीन कोटी युरोला आणलं, म्हणजे सहा-सात महिन्यांत किंमत जवळजवळ नऊपट. लोक विसरतात की पहिले चार महिने तो तिथेही भारीच खेळला. नापोलीविरुद्ध कपच्या मॅचमध्ये तो पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला आणि पहिल्या अर्ध्या तासात २ गोल. फेब्रुवारीत बेर्गामोला अटलांटाविरुद्धचा त्याचा गोल तुम्ही बघितला नसेल तर आधी तो बघा मग माझं उत्तर पुढे वाचा. डावीकडून मिलानच्याच रॉड्रिगेझचा क्रॉस येतो, पियोंतेकची पाठ जवळपास गोलकडे, अंगाला डिफेंडर चिकटलेला, आणि हा बॉल खाली पडू न देता नुसता पाय लावून लांबच्या कोपऱ्यात टाकतो. बॉल थांबवणं नाही, वर बघणं नाही, गोल कुठे आहे हे त्याला आधीच माहीत असतं. मी कॉलेजात फॉरवर्ड खेळायचो, क्रॉस आला की आधी बॉल कंट्रोल करायचा हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की असा विचारच आम्हाला सुचायचा नाही. दोन्ही क्लब मिळून त्या सीझनला सेरी आ मध्ये त्याचे २२ गोल झाले.

पुढचा सीझन मात्र खराब गेला हे खरंय. त्याने शर्टाचा १९ नंबर सोडून ९ नंबर घेतला. २०१२ मध्ये मिलानचा जुना स्ट्रायकर इन्झागी गेल्यापासून मिलानच्या ९ नंबरला शाप आहे असं तिथले लोक मानायचे, पातो, तोरेस, इग्वाइन कुणाचंच त्या शर्टात जमलं नव्हतं. पण शाप वगैरे मला पटत नाही. कोच गात्तूसो गेला, जियामपाओलो आला, ऑक्टोबरमध्ये त्यालाही काढून पिओलीला आणलं, टीमलाच सूर सापडत नव्हता आणि बॉक्समध्ये बॉल येणं बंद झालं. मग पियोंतेक बॉल शोधत मागे यायला लागला, तिथे पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल धरून ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा, हे काम करावं लागलं आणि ते त्याला कधीच नीट जमलेलं नाही. १८ लीग मॅच, ४ गोल. जानेवारी २०२० ला स्ट्रायकर इब्राहिमोविच आला आणि महिनाअखेर पियोंतेकला बर्लिनच्या हेर्था क्लबला विकलं.

हेर्थाचं तर विचारूच नका. नवा गुंतवणूकदार आलेला, हातात भरपूर पैसा, आणि कोच क्लिन्समन पियोंतेक आल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत राजीनामा देऊन मोकळा! त्यानंतर कोच बदलतच राहिले, टीम खालच्या जागांवर धडपडत राहिली, आणि अशा टीममध्ये बॉक्समधल्या स्ट्रायकरचे सगळ्यात जास्त हाल होतात. मे २०२१ मध्ये घोटा मोडला आणि युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धाही हुकली. मग लोनवर (उसना खेळाडू म्हणून) इटलीतल्या फिओरेन्तिनाला, पुन्हा लोनवर तिथल्याच सालेर्नितानाला, तिथेही विशेष काही नाही. इथे लोकांनी त्याला संपलेला धरलं, तुम्हीही बहुतेक इथपर्यंतच फॉलो केलं असावं.

पण २०२३ ला तो इस्तंबूलच्या बशाकशेहिरला गेला आणि पहिल्या सीझनला लीगमध्ये १७ गोल, दुसऱ्याला २१. संपलेला माणूस तुर्कस्तानात येऊन असे गोल मारत नाही हो. तिथे टीम त्याच्यासाठी खेळायची, बॉल बॉक्समध्ये यायचा आणि तो पुन्हा तसाच एका टचमध्ये मारायचा. २०२५ च्या उन्हाळ्यात तो कतारच्या अल दुहैलला गेला.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. युरो २०२४ मध्ये पोलंड-ऑस्ट्रिया मॅच बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर होती, म्हणजे हेर्थाच्याच मैदानावर. पोलंडचा मुख्य स्ट्रायकर लेवांडोव्स्की दुखापतीतून नुकताच उठलेला म्हणून बेंचवर, पोलंडचा कोच प्रोबिएश, जो क्राकोव्हियाला याचा कोच होता तोच, आणि त्याने पियोंतेकला पहिल्यापासून खेळवलं. पोलंड एका गोलने मागे, तिसाव्या मिनिटाला बेदनारेकचा शॉट अडला, बॉल बॉक्समध्ये मोकळा पडला आणि सगळ्यांच्या आधी तिथे कोण तर हाच, गोल. पोलंड शेवटी ३-१ ने हरलं, पण बर्लिनच्या त्या मैदानावर त्याने पिस्तुलं काढलेली बघून मला फार बरं वाटलं. २१ जून, शुक्रवार होता, आणि पोलिश भाषेत पियोंतेक म्हणजे शुक्रवारच.