आई-बाबांना घेऊन पाच दिवस लिस्बनला जायचंय. राहावं कुठे, जेवावं कुठे?

आई-बाबा सोबत आहेत म्हणून हे आधी सांगतो: अल्फामात खोली घेऊ नका. फोटोत तो भाग फार देखणा दिसतो, पण सगळा चढ आणि पायऱ्या. बॅगा ओढताना गुडघ्यांचे हाल होतील. बाइशा सपाट आहे, तिथे राहा. महाग वाटलं तर अलामेडाजवळ बघा, विमानतळावरून थेट मेट्रो आहे.

दुपारी 'ताश्का'त जेवा, म्हणजे छोट्या घरगुती खाणावळीत. 'प्रातु दु दिया' मागा: त्या दिवसाचा ठरलेला पदार्थ, स्वस्त आणि पोटभर. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह समोर येतात, ते फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा, कोणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर जपून. 'काल्दु व्हेर्द' हे पालेभाजीचं सूप, पण त्यातही सॉसेजची चकती तरंगत असते. आईला वरणभात आठवलाच तर मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास भारतीय हॉटेलं, किराणा दुकानं आहेत.

बेलें भागातल्या १८३७ पासूनच्या दुकानातलं पास्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री, मात्र गरमागरमच खा, वर दालचिनी भुरभुरून. पापुद्रे चुरचुरतात, कस्टर्डवर करपल्याचे काळे डाग असतात. ते तसेच हवेत.