शाळेच्या फळ्यावर १४ ऑक्टोबरचा दिनविशेष काय लिहावा?

नागपुरात पहिली ओळ ठरलेलीच: १९५६, दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची लाखो अनुयायांसह बौद्ध धम्मदीक्षा, २२ प्रतिज्ञा. इथेच घोळ होतो. त्या वर्षी याच तारखेला विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरचा दरवर्षीचा मुख्य सोहळा तिथीने होतो, म्हणून २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला आला. फळ्यावर ‘आज दसरा’ लिहू नका, वर्ष मात्र लिहाच.

जन्म: गदर चळवळीतले क्रांतिकारक लाला हरदयाळ (१८८४), अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर (१८९०), सतारवादक निखिल बॅनर्जी (१९३१), गौतम गंभीर (१९८१). पोरं गंभीरवरच थांबतील, चालायचंच.

१९४७ मध्ये अमेरिकी वैमानिक चक येगरने बेल एक्स-१ विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईची (१०६६) तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. जागा उरली तरच घ्या.