पहिले काउबॉय बूट घेताय? रँचच्या आधी घ्या

टेक्सासला नवीन आलात आणि काउबॉय बूट घेणं नि रँचवर (घोडे-गुरांच्या मोठ्या फार्मवर) राहून घोडेस्वारी, दोन्ही करायचंय, मस्तच, नक्की करा! फक्त बूट निदान दोन आठवडे आधी घ्या आणि घरात रोज तासभर घालून फिरा, मी कोरे बूट घालून थेट रँचवर गेलो होतो, दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड आणि अख्खा वीकेंड खुर्चीत.

दुकानात हे बघा:
- या बुटांना लेस नसते, सगळी पकड पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, तिथे घट्ट हवं पण टोचायला नको. पाय 'फट्' करून आत बसला की जमलं.
- नवीन असताना टाच थोडी उचलली जाते, ते चालतं, सोल मऊ झाला की कमी होतं.
- बोटं दाबली जातायत म्हणून मोठा नंबर घेऊ नका, सगळे नवे इथेच चुकतात, रुंदी बदलून मागा. पुरुषांत डी नेहमीची, डबल ई रुंद.

शहामृगाचं कातडं वगैरे नंतर बघू, आत्ता साधं गाईचं चामडं बेस्ट.

रँचसाठी सॅन अँटोनियोजवळचं बँडेरा हे गाव गाठा, मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा रस्त्याकडेला निळी ब्लूबॉनेट्स फुललेली असतात, जुलैचं ऊन नकोच. घोड्यावर पहिल्यांदाच बसताय हे सरळ सांगा, शांत घोडा मिळेल.