कोकोच्या पैदाशीत नवीन आहेस, म्हणून थोडंसं

सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनए वाचण्याच्या, मागे लगेच धावू नकोस. क्रिओलो या कोको-प्रकाराचा जीनोम (सगळा डीएनए) 2011 पासून हाताशी आहे, तो कुठे पळून जात नाही. आधी समोरचं झाड नक्की कोणतं, ते बघ. कोकोचं बी वाळलं की मरतं, म्हणून त्रिनिदादच्या जनुकपेढीत दोन हजारांवर वाण जिवंत झाडं म्हणूनच सांभाळावे लागतात. कलमकाडी बदलते, पाटी गळते, खुंटाचा फुटवा कलमालाच गिळतो. नाव मात्र जुनंच! एकाच नावाची माझी चार झाडं होती, त्यातलं एक भलतंच निघालं. हंगाम पाण्यात गेला. तेव्हा संकराआधी प्रत्येक झाडाची डीएनए ओळख करून घे.

फळकुज रोगाला झाड किती टिकतं ते बघायला पानाच्या चकत्या ओल्या स्पंजवर उपड्या ठेव, प्रत्येकीवर फायटोफ्थोराच्या (हा रोग आणणाऱ्या बुरशीसारख्या जीवाच्या) बीजाणूंचा थेंब सोड आणि काही दिवसांनी डाग मोज. कोवळी-जून पानं मिसळलीस तर निकाल पानाच्या वयाचा येतो, झाडाचा नाही.

प्रतिकारासाठी सगळे स्काविना 6 कडेच वळतात. पेरू देशाकडचं हे झाड विचेस ब्रूम या बुरशीच्या रोगाला टिकलं खरं, पण बी बारीक, आणि इक्वाडोरमध्ये तो प्रतिकार पुढे ढासळला. एकाच दात्यावर भिस्त नको.

आणि चव! सीसीएन-51 हा इक्वाडोरचा वाण भरघोस येतो, रोगालाही बऱ्यापैकी तोंड देतो, तरी चवीवरून अजून बोलणी खातो. तुझ्या निवडीतल्या बिया आंबवून, भाजून स्वतः चाखत जा.