अमेरिकन आर्किटेक्चर शिकायचंय? आधी शिकागो धर
हे बघ, सुरुवातीलाच सगळ्या स्टाइल्सची नावं पाठ करत बसू नकोस, त्यानं डोक्यात नुसता गोंधळ होतो, त्यापेक्षा एक शहर धर आणि ते नीट समजून घे, माझं ऐकशील तर शिकागोच धर. 1871 ला मोठी आग लागली, शहराचा मधला भाग जळून गेला, मग जागा महाग झाली आणि लिफ्ट होतीच, म्हणून बिल्डिंगा वर चढायला लागल्या.

तिथली मोनॅडनॉक बिल्डिंग फोटोत निवांत बघ. उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा, 16 मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर, त्यामुळे तळाशी भिंत तब्बल 6 फूट जाड! दक्षिणेकडचा अर्धा 1893 चा, तिथे स्टीलची फ्रेम आली, म्हणजे भार पेलणारा पोलादी सांगाडा. दोनच वर्षांत केवढा फरक पडला ते एकाच इमारतीत दिसतं, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

शहराच्या प्लॅनिंगसाठी आर्किटेक्ट डॅनियल बर्नहॅमचा 1909 चा शिकागो प्लॅन बघ, मिशिगन तळ्याकाठची जागा लोकांसाठी मोकळी ठेवायचा आग्रह त्यात आहे. नंतर न्यूयॉर्कला ये, 1811 चा ग्रिड (रस्त्यांची चौकटीसारखी आखणी) आणि 1916 चा झोनिंगचा कायदा (कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम), टॉवर वर जाताना पायऱ्यांसारखे मागे का सरकतात ते तिथे कळेल. आणि नकाशा कायम शेजारी उघडा ठेव.