पेटीपाशी हात बांधून उभी राहू नकोस

अगं, काल तू तुझ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या काचेच्या पेटीपाशी (इनक्यूबेटरपाशी) उभी होतीस, हात मागे धरून. मला माझे मिरजेतले दिवस आठवले. माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली, १३०० ग्रॅमची. सांगलीहून रोज यायचे, पण चार दिवस तिला शिवलेच नाही. मोडेल असं वाटायचं.

आधी बांगड्या-अंगठी काढ, कोपरापर्यंत हात धू, तळवे ऊबदार होऊ देत. आणि कुरवाळू नकोस. एवढ्याशा जिवाला हलकं हलकं चोळणं सोसत नाही, दचकतं ते. एक तळवा डोक्यावर, दुसरा पायांशी, बस्स, तसाच स्थिर ठेव.

'कांगारू'चं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी अंगाला अंग लावून धरण्याचं, डॉक्टरांना तूच विचार. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, त्यातून ही पद्धत आली. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपरं, मोजे. उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला, नाक मोकळं. वरून मऊ सुती साडी गुंडाळ. एका बैठकीला निदान तासभर.

तू दमलीस की नवऱ्याला बसव. आमचे हे आधी लाजले, छातीवर केस आहेत म्हणे! लेक मात्र तिथंच गाढ झोपायची.

सासूबाई तेल लावायचं म्हणतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि डबा आधी खाऊन घे. एकदा ते छातीवर झोपलं की उठवत नाही.