मोटरसायकलला कारसारखं रडार, ऑटोमॅटिक ब्रेक आणि सेल्फ-ड्रायव्हिंग द्यावं का, की नुसतं एबीएस पुरे?

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) हवंच. ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर पिळल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) बजेटमध्ये बसलं तर जरूर घ्या. रडारवर सध्या पैसे घालू नका. आणि स्वतः चालणारी बाइक कंपन्यांच्या टेस्ट ट्रॅकवरच बरी.

मी एकच कसोटी लावतो. चालवणाऱ्याने सुरू केलेली कृती यंत्र सावरून घेतं की त्याला न विचारता स्वतःच काहीतरी सुरू करतं? कारमध्ये दुसरा प्रकारही खपतो, कारण माणूस बेल्टने बांधलेला असतो आणि गाडी चार चाकांवर उभी असते. 150 किलोच्या बाइकवर 75 किलोचा माणूस बसला की एकूण वजनाचा तिसरा हिस्सा तोच असतो, आणि तो कशालाही बांधलेला नसतो. तो बेसावध असताना ब्रेक लागला तर सगळं अंग हातांवर येतं. त्यात एक हात हेल्मेटची काच वर करायला गेला असेल तर सगळा दाब हँडलच्या एकाच बाजूला पडतो. वेगात असताना हँडलची उजवी बाजू पुढे ढकलली की बाइक उजवीकडे झुकते, म्हणजे वाचवायला लागलेला ब्रेकच तुम्हाला लेनबाहेर नेतो. वळणात पुढचा ब्रेक अवचित लागला तर बहुतेक बाइक सरळ उभ्या व्हायला बघतात आणि वळण रुंदावतं. घाटातल्या डाव्या वळणावर याचा अर्थ समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला जाणं.

एबीएस यातलं काहीच करत नाही. ब्रेक तुम्हीच दाबता. चाक लॉक व्हायला लागलं की ते फक्त दाब क्षणभर सोडतं आणि पुन्हा देतं. 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं, त्याखाली तेव्हा सीबीएस चालत होतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक लॉक होण्यापासून ते वाचवत नाही. विकत घेताना ‘सिंगल चॅनल’ की ‘ड्युअल’ हे विचारा. सिंगलमध्ये फक्त पुढचं चाक राखलं जातं. पावसात घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबणाऱ्याला ड्युअलच हवं.

हे एबीएस बिघडतं मात्र अगदी क्षुल्लक कारणांनी. चाकाजवळच्या दातेरी रिंगमध्ये आणि सेन्सरमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. पंक्चर काढताना चाक रिंगवरच आडवं टाकलं की रिंग वाकते. चिखल बसला तरी सिग्नल तुटतो. वेगळ्या साइझचं टायर टाकलं तर दोन चाकांच्या वेगाचा हिशेब चुकतो. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि बाइक 5 ते 10 किमी वेग घेतल्यावर विझायला हवा. विझला नाही तर ब्रेक लागतील, पण एबीएसविना. ब्रेक ऑइल (डॉट 4) दर दोन वर्षांनी बदला. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये (ब्रेकचा दाब सोडणाऱ्या भागात) हवा शिरली असेल तर नुसता ब्रेक दाबून-सोडून ती निघेलच असं नाही, बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून मॉड्यूलचा पंप चालवावा लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजात हे आधी विचारून घ्या. आणि हो, सुट्या खडीवर एबीएसने थांबायचं अंतर वाढू शकतं, म्हणून ॲडव्हेंचर बाइकना मागचं एबीएस बंद करायची सोय देतात. डांबरावर आलात की ते परत चालू झालंय ना, बघा.

वळणात झुकल्यावर मात्र साधं एबीएस अपुरं पडतं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीने 2013 मध्ये केटीएम 1190 ॲडव्हेंचर या बाइकवर आणलेली यंत्रणा झुकण्याचा कोन मोजून त्याप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवते. माझ्या मते एबीएसनंतरची सगळ्यात कामाची सुधारणा हीच.

आता रडार. डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही4 वर 2020 च्या शेवटी पुढचं-मागचं रडार आलं. त्यातला क्रूझ कंट्रोल 30 ते 160 किमी वेगात पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. त्याला मोकळा, लेन पाळणारा रस्ता लागतो. आपल्याकडे असे रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी, आणि दोन्हींवर दुचाकीला बंदी! बाकी रस्त्यांवर रिक्षा मध्येच घुसते, म्हैस आडवी येते, उलट्या दिशेने स्कूटर येते. मागच्या रडारचा ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणारी जागा) इशारा त्यातल्या त्यात उपयोगी, कारण तो नुसता दिवा लावतो. बॉशने 2024 मध्ये जाहीर केलेला इमर्जन्सी ब्रेक असिस्टही मला पटतो: चालवणाऱ्याने ब्रेक दाबलाय पण कमी पडतोय, एवढ्याच वेळी तो दाब वाढवतो.

राहिली स्वतः चालणारी बाइक. बीएमडब्ल्यूने 2018 मध्ये माणसाविना धावणारी आर 1200 जीएस दाखवली, पण बाइक कशी वागते ते समजून चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा बनवाव्यात, हा तिचा हेतू. यामाहाच्या बाइक चालवणाऱ्या मोटोबॉट रोबोने 2017 मध्ये 200 किमीच्या वर वेग गाठला, तरी बाइक रेसर व्हॅलेंटिनो रॉसीपेक्षा एका फेरीला तो 30 सेकंदांहून जास्त मागे राहिला. यातून रोजच्या वापरात येण्यासारखं एकच दिसतं, ते म्हणजे कमी वेगात स्वतः तोल धरणं. मुंबईच्या लायगरने तशी स्कूटर 2023 च्या ऑटो एक्स्पोत मांडली होती. पाय नीट न टेकणाऱ्यांना किंवा गुडघेदुखीवाल्यांना सिग्नलवर ती उपयोगी पडेल. वेग घेतल्यावर बाइक आपला तोल आपणच धरते, तिथे तिची गरज नाही.

रडारवर वाचलेल्या पैशातून चांगले टायर घ्या. ओल्या रस्त्यावर एबीएसला पकड तिथूनच मिळते.